पाठीनं चढलेला घाट

आमची शैला सात महिन्यांची होईपर्यंत तिला निजवायचे जेवढे म्हणून उपाय तुंगार्लीत माहीत होते, तेवढे सगळे आम्ही करून पाहिले. पाळणा झाला, मांडीवर थोपटणं झालं, जायफळ उगाळून झालं. कस्तुराबाई तिला न्हाऊमाखू घालायला येई. तिनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. पोर टक्क जागी. डोळे चोळायची, रडायची आणि पुन्हा माझ्या तोंडाकडे बघत राहायची, जणू काही पुढचा उपाय कोणता ते विचारतेय.

मग एका दुपारी मामंजींनी अंगणातल्या फणसाखाली त्यांची जुनी फोर्ड हँडल मारून सुरू केली. गाडीला बऱ्याच दिवसांत विचारलं नाही, एवढंच त्यांच्या मनात. मी शैलाला घेऊन सहज मागच्या सीटवर टेकले. गाडी जागच्या जागी थडथडत होती. मडगार्ड हलत होते, दिवे हलत होते, माझ्या हातातल्या बांगड्या आपोआप वाजत होत्या. शैलानं एकदा थरथरणाऱ्या टपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, जांभई दिली आणि ती झोपली. दीड तास झोपली. बसल्या बसल्या मीही झोपले. सात महिन्यांत पहिल्यांदा.

त्या दिवसापासून रोज दुपारी दोनला फोर्ड सुरू व्हायला लागली. ती कुठं जात नसे. फणसाखाली उभी राहून थडथडायची, आणि आत आम्ही दोघी निजायचो. पुढं स्टिअरिंगवर हात ठेवून मामंजीही पेंगायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, हे सगळं कुटुंब मोठ्या लांबच्या प्रवासाला निघालंय.

माझे सासरे, माधवराव, रेल्वेत गार्ड होते. सगळी नोकरी घाटात गेली. बोरघाटात रिव्हर्सिंग स्टेशन होतं तेव्हाची ही माणसं. तिथं कडाच असा आडवा यायचा की गाडीला वळायला जागा नसे. मग इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि गाडी आली त्याच्या उलट तोंडानं पुढचा घाट चढायची. मागचा डबा पुढं आणि पुढचा मागं. ते स्टेशन बंद होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती, पण मामंजींच्या बोलण्यातून काही ते गेलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी खंडाळ्याच्या एका पारशी बाईंकडून ही फोर्ड घेतली. बाई मुंबईला कायमच्या निघाल्या होत्या, गाडीला चांगलं घर हवं होतं. मामंजी म्हणत, मी गाडी घेतली नाही, बाईंनी मला ती दत्तक दिली.

आणि ह्यांनी त्याच भाद्रपदात नवी गाडी आणली होती. हे वीज कंपनीत इंजिनिअर. रात्री झोपण्याआधी दुसरी माणसं स्तोत्रं म्हणतात, हे मोटारींची माहितीपत्रकं वाचत. नवी गाडी सहा सिलिंडरची, गडद निळी, बंद काचांची. बटण दाबलं की सुरू. आत बसलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही, गाडी चाललीय हेसुद्धा कळत नाही, असं हे दहादा सांगायचे. खरंच कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी शैलाला आत घेऊन आम्ही वलवणच्या तळ्यापर्यंत गेलो, तर तिलाही कळलं नाही की आपण गाडीत बसलोय, म्हणून ती झोपली नाही. जाताना रडली आणि येताना रडली.

संध्याकाळी ओट्यावर गाड्यांची चर्चा बसायची. बसणारे तिघंच. मामंजी, हे आणि हौशीराम. हौशीराम स्टेशन ते कार्ला अशी प्रवासी लॉरी चालवी. तिघांची तीन मतं होती आणि ती कधी बदलली नाहीत, तरी रोज नव्यानं मांडली जायची. ह्यांचं म्हणणं, यंत्र दर वर्षी सुधारतं. मागल्या वर्षीचं यंत्र म्हणजे मागल्या वर्षीचं पंचांग. मामंजींचं म्हणणं, जी गाडी एक पाना आणि हातभर तार घेऊन आपली आपल्याला दुरुस्त करता येत नाही ती आपली नव्हेच. ती कारखान्याची, आपण तिच्यातले पाहुणे.

हौशीराम दोघांनाही हसायचा. त्यानं जन्मात नवी गाडी घेतली नव्हती आणि घेणार नव्हता. वापरलेली गाडी कशी पारखायची ते तो सांगायला लागला की मी कुर्डूची भाजी निवडायची थांबवून दाराआडून ऐके. चालवणाऱ्याच्या बाजूची सीट किती दबलीय ते बघायचं, पेडलचं रबर कुठल्या अंगानं झिजलंय ते बघायचं. त्यावरून पहिला मालक तापट होता का शांत, ते कळतं. तेलाच्या झाकणाचा वास घ्यायचा. लाकडाची काठी इंजिनावर टेकवून दुसरं टोक कानाला लावायचं.

"नव्या गाडीचं पयलं दुखनं, पयला खड्डा, पयला दंड, समदं पयल्या धन्याच्या कपाळी," तो म्हणायचा. "आमी दुसरे. आमाला ती शानी होऊनच मिळती." आणि मग मामंजींकडे बोट करून, "आबांची म्हातारीबी आमच्यातलीच. पारशिनीनं शानी करून दिली."

मला कुणी मत विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की ज्या गाडीत पोर झोपतं ती गाडी चांगली. बाकी सिलिंडर किती ते तुम्ही बघा.

पण अडचण अशी होती की शेड एकच होती आणि पावसाळा जेमतेम सरला होता. लोणावळ्याचा पाऊस पत्र्यालाही सोडत नाही. गाडी उघड्यावर कशी ठेवणार? नवी आली तशी फोर्ड शेडमधून फणसाखाली गेली होती, आणि फणसाखाली एक गाडी उभी आहे हे परंदवडीपर्यंत कळलं. परंदवडीच्या कोंडाजींना भात सडायची गिरणी घालायची होती. इंजिन हवं होतं. गाडीचं बाकीचं काय करणार, असं ह्यांनी विचारलं तेव्हा कोंडाजी म्हणाले, चाकं बैलगाडीला होतील, टप कोंबड्यांना होईल. सुगीच्या आधी गिरणी लागायला हवी होती. दसऱ्याच्या संध्याकाळी बैल घेऊन येतो, मुहूर्ताला इंजिन घरी नेतो, असं ठरलं. ह्यांनी शब्द दिला. मामंजी ओट्यावरच बसले होते. गाडी त्यांची, पण घर आता मुलाच्या हाती. त्यांनी उठून फोर्डच्या दिव्यावरची धूळ उपरण्यानं पुसली आणि पुन्हा येऊन बसले.

शैला रात्री पुन्हा टक्क जागी राहिली तेव्हा मी तिच्या कानात सांगितलं, बाई, दसऱ्यापर्यंत झोपून घे.

मामंजींनी एकच मागणं मागितलं. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं ते या वर्षी दोन्ही गाड्यांनी करायचं. घाट उतरून पुणे जिल्ह्याची हद्द ओलांडायची, खोपोलीच्या तळ्यावरच्या महादेवाचं दर्शन घ्यायचं आणि वर यायचं. "तिचा शेवटचा घाट," ते म्हणाले. हे हसून म्हणाले, ती उतरेल आबा, पण चढेल का? दोर ठेवतो बरोबर.

दसऱ्याच्या सकाळी मी हार करायला बसले. नव्या गाडीचा पहिला दसरा. खरं सांगायचं तर माझं मन त्या निळ्या गाडीवर नव्हतं, आणि त्याचीच मला लाज वाटत होती. ह्यांनी किती हौसेनं आणलीय, आणि आपण मनातून तिला सवतीसारखं बघतोय. म्हणून मी तिचा हार सात पदरी केला. टोपलीभर झेंडू, मध्ये आंब्याची पानं, खाली लोंबते गोंडे. गाडीचं नाक ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकून गेलं, वर खणाचा तुकडा नेसवला. हे लांब जाऊन बघत राहिले आणि म्हणाले, लग्नात आपल्यालाही एवढा हार नव्हता. फोर्डच्या वाट्याला मात्र फुलं उरली नाहीत. परडीच्या तळाशी एक झेंडू सापडला, तो मी तिच्या रेडिएटरच्या झाकणात खोचला.

नव्या गाडीत हे आणि हौशीराम. फोर्डमध्ये पुढं मामंजी, मागं मी, कस्तुराबाई आणि तिच्या मांडीवर शैला. मामंजींची मान दोन दिवस लचकलेली होती, उशीवरून घसरली म्हणून. बोलावलं तर ते सगळं अंग वळवून बघायचे. निघायच्या आधी त्यांनी सीट उचलली. फोर्डची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असते आणि तिच्यात शाळेतली पट्टी बुडवून पेट्रोल मोजायचं असतं. त्यांनी पट्टी बघितली आणि पुसून खिशात टाकली. ह्यांनी विचारलं तर म्हणाले, पुष्कळ आहे.

घाट उतरताना काय आनंद होता. दरीत ढग उरलेले नव्हते, सोनकी सगळीकडे पिवळी झालेली. हद्दीच्या दगडाशी दोन्ही गाड्या थांबवून आम्ही आपट्याची पानं वाटली. खोपोलीत दर्शन झालं, चहा झाला. तिथं मामंजींनी पुन्हा सीट उचलली आणि या वेळी पट्टी फक्त मला दाखवली. दीड इंच ओली होती.

महिनाभर दुपारी कुठंही न जाता आम्ही केवढा प्रवास केला होता ते त्या पट्टीवर दिसत होतं. दसऱ्यामुळे खोपोलीतला पेट्रोलवाला दुकान बंद करून गावी गेलेला. मी म्हटलं, ह्यांच्या गाडीतून थोडं मागूया. मामंजींनी पट्टी खिशात टाकली. "मागितलं तर म्हणेल, बघा, चढत नाही. तू कुणाला सांगू नकोस."

निळी गाडी पुढं निघून गेली. आम्ही मागून. अर्धा घाट चढलो. शैला गाढ झोपलेली, कस्तुराबाईचीही मान डुलायला लागलेली. आणि खडी चढण सुरू झाली तशी फोर्ड दोनदा खोकली, तिसऱ्यांदा थांबलीच. थडथड थांबताच शैलानं डोळे उघडले आणि ओठ काढला.

कस्तुराबाई खाली उडी मारून चाकामागं धोंडा लावून आली. "आबा, सपलं का पेट्रोल?"

संपलेलं नव्हतं. मामंजींनी मला शांतपणे समजावलं. टाकी सीटखाली, इंजिन पुढं. मध्ये पंप नाही, पेट्रोल आपलं आपण वाहत जातं. चढावर गाडीचं नाक वर गेलं की इंजिन टाकीपेक्षा उंच होतं. थोडं पेट्रोल असलं तर ते वर चढत नाही, मागंच राहतं. आता त्यांच्या चेहऱ्यावर काळजी शोधावी तर तिथं काळजी नव्हती. नोकरीवर असताना दिसत असतील तसे ते दिसत होते. समोर कड्यापलीकडे जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनची भिंत दिसत होती, तिच्याकडे त्यांनी हनुवटी केली.

"नाक वर नको तर पाठ वर करू," ते म्हणाले. "आम्ही तीस वर्षं हेच केलं, सूनबाई."

त्यांनी गाडी अगदी सावकाश मागं सोडली, कस्तुराबाई धोंडा घेऊन चाकाबरोबर चालत. रुंद जागा आली तशी तोंड फिरवलं. आता फोर्ड खोपोलीकडे तोंड करून उभी होती आणि तिची पाठ लोणावळ्याकडे. हँडलच्या दुसऱ्या फेऱ्याला ती सुरू झाली. शैलाचा काढलेला ओठ आत गेला. मधला पेडल दाबून धरला की फोर्ड मागं जाते, आणि मागं जातानाच तिच्यात सगळ्यात जास्त जोर असतो. सगळं जमलं होतं. फक्त मामंजींना मागं बघता येत नव्हतं. मान वळेना, आणि सगळं अंग वळवावं तर पाय पेडलवरून सुटायचा.

"तू बघ आणि तू सांग," ते मला म्हणाले.

सांगायचं म्हणजे ओरडायचं, आणि शैलाचे डोळे नुकते मिटत होते. शिवाय सासऱ्यांना मी ओरडून 'इकडे घ्या, तिकडे घ्या' म्हणायचं. ते माझ्यानं होईना. मामंजींना ते कळलं असावं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं दोन्ही दंडांवरून मागं सोडलं आणि एकेक टोक माझ्या एकेका हातात दिलं.

"हे दरीचं, हे कड्याचं. जिकडे जायचं ते टोक ओढ. बैल समज मला."

मी सीटवर गुडघे टेकून मागं तोंड केलं, म्हणजे आता पुढं. पदर खोचला. हातात उपरण्याची टोकं. फोर्ड पाठीनं घाट चढायला लागली.

पहिली पन्नास पावलं मी देवाचं नाव घेत होते. मग हळूहळू हाताला कळायला लागलं. कड्याचं टोक जरा ओढलं की गाडीची पाठ कड्याकडे सरके. सोडलं की सरळ. वरून खाली येणारा एक गाडीवान बैल कडेला घेऊन बघतच राहिला. वळणावर मात्र घोटाळा झाला असता. वळण घेतलं की दरी दुसऱ्या अंगाला जाते, आणि टोकांची नावं चुकतात. ऐन वळणात मला ते सुचलं. मी नुसतं डावं टोक दोनदा हिसकलं, मामंजी काय ते समजले, आणि चाक कठड्यापासून हातभर अंतरावरून निघून गेलं.

"दरीनं बाजू बदलली," मी म्हटलं. एवढंच मी सगळ्या घाटात बोलले.

"नोंद झाली," मामंजी म्हणाले.

कस्तुराबाई शैलाला पोटाशी धरून हसत होती, आवाज न करता, नुसते खांदे हलवत. "म्हातारी पाठीनं डोंगर चढती आन् सून सासऱ्याला हाकती," ती पुटपुटली. "घरी सांगितलं तर मला येडी म्हनतील."

आणखी दोन वळणं गेल्यावर मला निळी गाडी दिसली. रस्त्याच्या कडेला, बॉनेट उघडं, आतून वाफ निघतेय. गाडीचं पुस्तक हातात घेऊन हे पानं उलटत होते. हौशीराम झऱ्यावरून डबा भरून आणत होता. चढावर थांबलो असतो तर फोर्ड पुन्हा निघाली असती का, देव जाणे. मामंजींनी पेडल सोडला नाही. आम्ही थडथडत ह्यांच्या शेजारून गेलो. मी वर बघत होते म्हणून ह्यांचं तोंड मला क्षणभरच दिसलं. पण मामंजींचं तोंड खाली, उताराकडे. ते ह्यांच्याकडे बघत होते आणि बघत बघतच लांब जात होते. जन्मभर ते असेच निघाले होते, शेवटच्या डब्याच्या दारात, तोंड मागं राहणाऱ्या माणसांकडे करून. त्यांनी गार्ड फलाटाला करतात तसा हात केला. मागून हौशीरामचं हसणं वळणापर्यंत ऐकू येत होतं.

मला मात्र हसू आलं नाही. गाडीजवळून जाताना एक वास आला होता. उकडलेल्या झेंडूचा.

खंडाळ्याला सपाटीवर आम्ही थांबलो, तोंड फिरवून घेतलं आणि वाट बघत बसलो. तासाभरानं निळी गाडी आली. हे उतरले ते मान खाली घालूनच. कोट काखेत, बाह्या वर, कपाळाला काजळी. हौशीरामचं निदान ठरलं होतं: नवं इंजिन घट्ट बसलेलं असतं, तापतंच, म्हणून तर तो नवी घेत नाही. हे मामंजींसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, आबा, तुमचं खरं. माझी घाई झाली. असली गाडी या घाटात काय कामाची?

मी गप्प बसले असते तर काम होत होतं. फोर्डची बाजू आपोआप वर आली होती. शैला माझ्या खांद्यावर, तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता. पण माझ्या माणसानं महिनाभर त्या गाडीवर जीव लावला होता आणि तो आता तिला माझ्या चुकीसाठी बोल लावत होता. मला ते सोसेना.

मी निळ्या गाडीपाशी गेले आणि हार सोडवला. बाहेरून तो सकाळच्यासारखाच केशरी होता. उलटा केला तर आतली फुलं शिजून काळी झाली होती, खणाचा तुकडा रेडिएटरच्या जाळीला चिकटला होता.

"गाडीला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "मी तिचं नाक कोंडलं. सात पदर केले. वारा जायला जागाच ठेवली नाही."

हौशीरामनं जाळीला हात लावून बघितला. एक इंजिनिअर आणि एक ड्रायव्हर, दोघं तासभर त्या हारासमोर उभे होते. पंप बघितला, पट्टा बघितला, पुस्तक बघितलं. पण पूजेचा हार दसऱ्याच्या दिवशीसुद्धा काढता येतो हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. पूजा केलेली वस्तू कशी काढणार?

हे हाराकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. "एवढे सात पदर का केले?"

"मला ती आवडत नव्हती म्हणून," मी म्हटलं.

आधी मामंजी हसले. मग हे इतके हसायला लागले की त्यांना फूटबोर्डवर बसावं लागलं. शैला जागी झाली, आणि सगळे हसतायत म्हणून तीही हसली. दोन दात दाखवून. ते त्या दिवशी पहिल्यांदा ह्यांनी पाहिले.

पण शब्द शब्दच होता. कोंडाजी घरी वाट बघत असणार. मामंजी सपाटीवर फोर्ड पुढून चालवत होते, आणि मी मागून त्यांच्या ताठ मानेकडे बघत होते. हे मागून सावकाश येत होते, पुढं जात नव्हते.

आमचं घर तुंगार्लीच्या चढावर आहे. चढाच्या पायथ्याशी फोर्ड पुन्हा खोकली. मामंजींनी गाडीचं तोंड फिरवलं आणि उपरण्याची टोकं मागं दिली. अशी आमची गाडी पाठमोरी चढ चढून पाठमोरीच अंगणात शिरली.

अंगणात कोंडाजी उभे होते. शिंगं रंगवलेले बैल, कमरेला नवा दोर. त्यांनी गाडीला आत येताना बघितलं आणि त्यांच्या हातातलं सोनं, आपट्याची पानं, हातातच राहिलं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"आबा, ही म्होरं चालत न्हाई व्हय?"

"चढावर अशीच बरी चालते," मामंजी म्हणाले. खोटं एक अक्षर नव्हतं.

कोंडाजी विचारात पडले. बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग ह्यांच्याकडे वळले.

"सायेब, राग मानू नगा. माजी गिरनी सरळ फिरनारी हाय. उलटं फिरनारं इंजन लावलं तर सडलेला तांदूळ परत साळीत शिरंल. तुमचा शबूद तुमाला परत."

ह्यांनी तोंड उघडलं. मला माझ्या नवऱ्याचा स्वभाव माहीत आहे. यंत्राबद्दल कुणी चुकीचं बोललं तर पंगतीतल्या पाहुण्यालासुद्धा ते दुरुस्त करतात. इंजिन फिरतं ते एकाच दिशेनं, गाडी मागं जाते ती गिअरमुळे, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य त्यांच्या ओठावर आलेलं मी पाहिलं. त्यांनी फणसाखाली अजून थडथडणाऱ्या फोर्डकडे पाहिलं. मागच्या सीटवर कस्तुराबाईच्या मांडीवर शैला पुन्हा झोपली होती, तोंड उघडं टाकून, एक हात खाली लोंबत, आणि गाडीबरोबर तो लोंबता हात हलत होता.

त्यांनी तोंड मिटलं. "तुमची मर्जी, कोंडाजी," ते म्हणाले.

"पन सुगी तोंडावर आलीया. आता इंजन आनू कुटनं?" कोंडाजींचा चेहरा उतरला.

हौशीराम तिथंच होता. त्याच्या घरामागं मोडीत काढलेल्या लॉरीचं इंजिन दोन वर्षं गोणपाटाखाली पडून होतं. त्यानं कोंडाजींच्या खांद्यावर हात ठेवला. "चला दावतो. एका धन्याच्या हातचं, लय शानं इंजन हाय. आन् सरळ फिरतं."

जाताना त्यानं वळून तिघांकडे, म्हणजे मामंजींकडे, ह्यांच्याकडे आणि माझ्याकडे पाहिलं. शेवटी वापरलेल्याचीच सरशी झाली, हे त्याला बोलून दाखवायचीही गरज नव्हती. हारातले चार पदर चांगले राहिले होते, ते मी कोंडाजींच्या बैलांच्या गळ्यात घातले. फाटकापर्यंत पोचायच्या आत एका बैलानं दुसऱ्याचा हार खाल्ला.

त्या आठवड्यात हे पत्र्याचे दोन तुकडे घेऊन आले आणि फणसाला टेकून एक तिरपं छप्पर उभं राहिलं. कुणासाठी ते कुणी विचारलं नाही. मामंजींची मान मात्र उपरण्याच्या ओढाओढीनं की कशानं, दुसऱ्याच दिवशी मोकळी झाली होती. ओट्यावर वाद पूर्वीसारखाच चालतो. ह्यांचं मत बदललेलं नाही, नव्याचं ते नवं.

पण परवा रविवारी दुपारी मी स्वैपाकघर आवरून शैलाला घेऊन बाहेर आले, तर हे फोर्डची सीट उचलून उभे होते. पट्टी बुडवली, वर काढली, उन्हात धरून बघितली. मग पेट्रोलचा डबा ओतला आणि पुन्हा पट्टी घातली. सहा इंच भरल्यावर सीट खाली ठेवली, पुढं जाऊन हँडल मारलं, आणि शैलासाठी माझ्याकडे हात पसरले.